सुकापूरकर आणि खारघरकर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रेक्टर मॅडम स्वतःच्या घरात शिरण्याआधी स्वतःच्याच दारावर टकटक करतात. किल्ली हातात असते, कुलूप त्यांनीच लावलेलं असतं, आत माणूस म्हणाल तर एकही नाही. तरी दोनदा टकटक, मग जरा थांबणं, आणि मगच किल्ली. नवीन पनवेलला राहायला आलो त्याच आठवड्यात मी हे पाहिलं आणि बायकोला म्हटलं, "शेजार जरा बघून घ्यायला हवा होता." पुढे ओळख झाल्यावर न राहवून विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "आत मुलगी असते. तिला सावरायला वेळ नको?"

मुलगी म्हणजे कुत्री.

मॅडमची सगळी नोकरी नोकरदार बायकांच्या हॉस्टेलवर रेक्टर म्हणून गेली. लग्न केलं नाही. सवड कुठे होती, असं त्या म्हणतात, आणि ते अशा सुरात की वाटावं त्यांची सवड आपणच खाल्ली. हॉस्टेल सुटलं, पण रेक्टर काही रिटायर झाली नाही. बिल्डिंगमध्ये त्या सगळ्यांना आडनावाने हाक मारतात. मी पाटणकर आणि माझी बायकोही पाटणकर, त्यामुळे एका हाकेला आम्ही दोघं धावत जातो आणि काम एकाकडेच निघतं. सुकापूरच्या रस्त्यावरून त्यांनी एक पिवळी, हाडापेराने चांगली दांडगी कुत्री उचलून आणली, तिचं नाव ठेवलं सुकापूरकर. "लाडाची नावं ज्याच्या त्याच्या आईबापांकडे," मॅडम म्हणाल्या. सकाळी दूध आणायला निघालो की समोरून ऐकू यायचं, "सुकापूरकर, गॅलरीतून वाकायचं नाही."

सुकापूरकर तशी पोक्त. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. दोघींचं छान चाललं होतं.

मग एक दिवस जाधव आली. ही जाधव मॅडमच्या हॉस्टेलमधली जुनी मुलगी, आता खारघरच्या एका टॉवरमध्ये संसार थाटलेली. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली होती. तिच्या हातात बास्केट आणि बास्केटमध्ये टेरियर जातीची एक कुत्री, आकाराने लोकरी मोज्यांच्या जोडीएवढी आणि आवाजाने रिक्षाच्या हॉर्नएवढी. नाव कोको. मॅडमनी ठेवून घेतली तर ठीक, नाहीतर नवऱ्याच्या ओळखीचं गव्हाणच्या बाजूला फार्महाऊस आहे, तिथे पाठवावी लागेल, असं जाधव डोळे पुसत म्हणाली. तिथे आधीच चार कुत्रे आहेत, मोठे.

"मोठे म्हणजे?"

"अल्सेशियन, मॅडम."

मॅडमनी बास्केटमध्ये वाकून पाहिलं. मोज्यांची जोडी त्यांच्यावर भुंकली.

"महिनाभर बघते," मॅडम म्हणाल्या. "जमलं तर राहील. पण जुन्या मुलीच्या डोक्यावर नवी मुलगी बसवलेली मला चालत नाही. सुकापूरकरला त्रास व्हायला लागला तर गव्हाण."

कोकोची तिथल्या तिथे खारघरकर झाली. आणि माझी नेमणूक तिचा लोकल गार्डियन म्हणून झाली, कारण हॉस्टेलमध्ये राहायचं तर लोकल गार्डियन लागतोच. मी म्हटलं, "मॅडम, मला कुत्र्यांची भीती वाटते हो." त्या म्हणाल्या, "बहुतेक गार्डियनना मुलींची वाटायची. होते सवय."

नव्या-जुन्या मुलीची पहिली भेट खोलीत घालायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं. खोलीत जुनी मालकीण असते आणि नवी भाडेकरू. भेट बाहेर घालायची, चहाच्या गाडीवर. म्हणून आमची वरात वडाळे तलावावर निघाली. रस्त्याच्या एका अंगाने मॅडम आणि सुकापूरकर, दुसऱ्या अंगाने मी आणि खारघरकर. ती बगळ्यांवर भुंकली, भेळवाल्यावर भुंकली, माझ्याकडून विमा घेतलेल्या एका सज्जन गृहस्थांवर तर इतकी भुंकली की पुढचा हप्ता गेला असं मी धरून चाललो. सुकापूरकर मानपान न मिळालेल्या थोरल्या नणंदेसारखी पाण्याकडे बघत बसली. मॅडम खूश. "एकमेकींना शिव्या दिल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "सुरुवात चांगली आहे."

घरी दोन वाट्या, दोन सतरंज्या, दोन कोपरे. हिची चादर तिला आणि तिची हिला, वासाची ओळख व्हावी म्हणून. थोडे दिवस बरे गेले. मग भांडणं सुरू झाली, आणि अशी की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, मॅडमकडे टीव्ही मोठ्याने लागतो का.

भांडणांबद्दल मॅडमचा एक सिद्धांत आहे. त्यांच्या मते बायकांच्या हॉस्टेलमधल्या प्रत्येक भांडणाच्या मुळाशी बादली असते. "मुली सांगतात, ती टाकून बोलते, तिचा फोन फार वाजतो, ती स्वतःला फार शहाणी समजते. सगळं खोटं, पाटणकर. कुणाची तरी बादली कुणीतरी न विचारता वापरलेली असते. मी फक्त विचारायची, बादली कुणाची? की रडायलाच लागायच्या."

तेव्हा मॅडम बादली शोधायला लागल्या. आधी संशय वाटीवर, मग गॅलरीतल्या उन्हाच्या तुकड्यावर, मग चेंडूवर, मग दाराच्या पायपुसण्यावर. ज्याच्यावर संशय, ती वस्तू जप्त. आणि जप्त झालेलं सगळं आमच्याकडे. आमच्या हॉलमध्ये त्यांच्या उशा, चटया, बसायचा एक वेताचा मोडा आणि अर्धा चावलेला चेंडू असा संसार गोळा झाला. बायको म्हणाली, "आता कुत्र्याही इकडेच आणा म्हणावं." मॅडमचं घर ओकंबोकं झालं, तरी भांडणं काही थांबेनात.

शेवटी एकदा सुकापूरकरने खारघरकरचा कान फाडला. डॉक्टरांनी टाका घातला. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी आमच्याकडे आल्या, त्यांच्याच मोड्यावर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "गव्हाणला फोन केला. रविवारी येतोय माणूस."

मला त्या मोज्यांच्या जोडीचा चांगलाच लळा लागला होता, आणि ते चार अल्सेशियन डोळ्यांपुढून हलेनात.

शनिवारी जाधवच्या एका मैत्रिणीच्या मुलीचं बारसं होतं. मॅडम तिकडे निघाल्या. दोघींवर लक्ष ठेवायला मला बसवून गेल्या. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो, हातात लाटणं. आता होईल, मग होईल म्हणून वाट पाहिली. काहीच होईना. खारघरकर खुशाल सुकापूरकरच्या वाटीतलं पाणी प्यायली. सुकापूरकरने एक डोळा उघडला आणि मिटला. थोड्या वेळाने पाहतो तर दोघी पाठीला पाठ लावून गाढ झोपलेल्या, फाटका कान खुशाल मोठीच्या पोटावर. मी लाटणं खाली ठेवलं.

मग लिफ्टचं दार वाजलं, मॅडमच्या चपलांचा आवाज आला, आणि दोघी एकदम उठून दाराकडे धावल्या. मॅडम आत आल्या तशी एकीने उजवा पाय धरला, दुसरीने डावा, आणि जुंपली.

कशाबशा सोडवल्यावर मी म्हटलं, "मॅडम, बादली सापडली."

"कुठे?" त्या घाईघाईने खोलीभर बघायला लागल्या.

"अहो, तुम्ही. तुम्ही नव्हता तेव्हा दोघी एका सतरंजीवर झोपल्या होत्या. या तुमच्यावरून भांडतायत."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ऑफिसात चहा सांडला. "काहीतरीच काय पाटणकर. माझ्यावरून कोण भांडेल?" त्या खुर्चीवर टेकल्या. बारशाची ओटी अजून हातातच होती. "मुली पंख्यावरून भांडल्या, खिडकीवरून भांडल्या, आरशावरून तर दातओठ खाऊन भांडल्या. पण रेक्टरवरून? रेक्टर गावाला गेली की मुली भजी तळायच्या. मला माहीत होतं. वास यायचा ना दुसऱ्या दिवशीसुद्धा."

त्या हसायला गेल्या आणि ते काही त्यांना नीट जमलं नाही. इतकी वर्षं शेजारी राहून या बाईला कुणी कधी हक्काने धरलं नसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी म्हटलं, "मग आता? नियमाप्रमाणे बादली जप्त करायची, म्हणजे तुम्हीच आमच्याकडे राहायला या."

मॅडम दोघींकडे पाहत बसल्या.

रविवारी सकाळी गव्हाणचा माणूस आला, भला माणूस. मीच त्याला समोर घेऊन गेलो. "मॅडम, कुत्री तयार हाय ना?" त्याने दारातूनच विचारलं. "आमी खोका आनलाय. चार हायेत आमच्याकडं, ही पन राहील कोपऱ्यात."

मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना जमिनीवर बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मांडीत खारघरकर होती आणि उरलेल्या मांडीवर सुकापूरकर आपलं अख्खं डोकं रेटून बसवत होती. दोघीही एकसारख्या गुरगुरत होत्या. मॅडमचा एक हात हिच्यावर होता, एक तिच्यावर, आणि त्या कुणालाच बाजूला सारत नव्हत्या.

"उगाच खेप पडली तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "ही रुळली इथे."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग मांडीकडे. "पन भांडतात ना या?"

"अहो, घर म्हटल्यावर होतं तेवढं."

त्या फ्लॅटला मॅडम आजवर खोलीच म्हणत आल्या होत्या. त्या माणसाला या फरकाचं काय, त्याने खोका दाराशी ठेवला आणि आता आलोच आहे तर चहा चालेल म्हणाला. चहा मीच केला, कारण मॅडमना उठता येत नव्हतं.