कुंडीतला ट्रे

हा ट्रे वेळेत कुजला असता, तर जावयाला तीन गोष्टी मिळणार होत्या. कारखान्यात लगद्याच्या हौदाशेजारचं टेबल सुटून केबिन, त्या केबिनला खिडकी, आणि घरी, त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या तोंडून एक चांगला शब्द. पहिल्या दोन मालकाच्या हातात होत्या, म्हणून त्यांची तरी थोडीफार आशा होती.

कारखाना केळीच्या खोडाच्या धाग्यांचे ट्रे बनवायचा. धागे कुटायचे, पिठाच्या खळीत घोळायचे, गरम साच्यात दाबायचे आणि वरून मेणाचा पातळ हात द्यायचा. वापराल तोवर लाकडासारखा टणक, मातीत पुरलात की माती. कृती जावयाची स्वतःची. पण सासूबाई, कोणी विचारलंच तर, "आमचे जावई पालापाचोळ्याचं काहीतरी करतात," एवढं सांगून गाडी लेकीच्या नोकरीवर वळवत. ज्यांनी आयुष्यात रिकामी बाटली, तुटकी छत्री किंवा खोक्याची सुतळी कधी टाकली नाही, त्यांना मुद्दाम नासणारी वस्तू बनवणारा माणूस जरा उधळाच वाटायचा.

मोठी ऑर्डर द्यायला निघालेल्या खरेदीच्या बाई खमक्या होत्या. उपाहारगृहांच्या एका कंपनीची खरेदी त्या बघत. "प्रयोगशाळेत सगळंच कुजतं हो," त्या म्हणाल्या. "साध्या घरात, साध्या कुंडीत कुजवून दाखवा. दोन महिन्यांनी मी स्वतः येऊन उकरणार."

जावयाने घरच्या गॅलरीतली लिंबाची मोठी कुंडी निवडली आणि तळाशी ट्रे पुरला. घरात कोणाला काही सांगितलं नाही. यश आलं की एकदम सांगू, असा बेत होता.

महिन्याभराने राहवेना, म्हणून त्याने बायकोची विणायची सुई मातीत खुपसली. खालून 'टक्' आवाज आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा खुपसली. पुन्हा टक्. उलट आधीपेक्षा ठणठणीत.

"सुईने काय चाललंय?" बायकोने विचारलं.

शेवटी सांगावं लागलं. "ट्रे पुरलाय. अजून लागतोय हाताला."

"मग बरंच की. मजबूत आहे."

"मजबूत असून कसं चालेल?"

"अहो, परवापर्यंत मजबूत आहे म्हणून नाचत होतात ना? एकदा काय ते ठरवा."

जावयाने घाबरून मालकांना गाठलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि फर्मान काढलं, "मेण कमी करा." नव्या मालात मेण नावापुरतं राहिलं. त्यातले ट्रे आधी कारखान्याच्याच कँटीनमध्ये आले. मालकांनी जेवणाचा ट्रे मांडीवर घेतला, फोनवर बोलत बसले, आणि उठले तेव्हा ट्रेला त्यांच्या मांडीचा आकार आलेला होता. जेवणाचा पातळ भाग पँटने घेतला होता.

"एक ट्रे कुजायला तयार नाही, दुसरा जेवण संपेपर्यंत थांबायला तयार नाही," मालक पँट पुसत म्हणाले. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

केबिनचा विषय त्या दिवशी बंद झाला. खरेदीच्या बाईंनीही नाही म्हटलं, तर हौदाशेजारचं टेबलसुद्धा राहणार नाही, हे मालकांनी न बोलता नीट कळवलं.

ठरल्या दिवशी बाई आणि मालक घरी आले. मालकांनी गडद पँट घातली होती. सासूबाईंना पाहुणे म्हणजे पर्वणी. त्यांनी जावयाच्या आईने लग्नात दिलेला, निळ्या नक्षीचा, कायम कपाटात ठेवलेला कपांचा संच बाहेर काढला.

"आई, ते नको," लेक कुजबुजली. "माझ्या सासूबाईंनी तो जिवापाड जपायला सांगितलंय."

"मोठी माणसं आलीत. त्यांना काय कान तुटलेल्या कपातून चहा देऊ?"

गॅलरीत बाईंनी पदर खोचला आणि खुरपं स्वतः हातात घेतलं. माती उडाली. जावई भिंतीकडे बघत उभा राहिला. खुरपं थांबलं.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "अख्खा."

चिखलाने माखलेला तपकिरी ट्रे त्यांनी रुमालाने पुसला. चिखलाखालून एक गुलाब निघाला. मग दुसरा गुलाब, मग सोनेरी काठ आणि एक तडकलेला कोपरा.

"आमच्या ट्रेवर गुलाब नसतात," जावई हळूच म्हणाला.

"मग हा कोणाचा?" मालकांनी विचारलं.

"माझा." सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो जावईबापू, तुम्ही कुंडीत खुरपत होतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेलात, मी माती मोकळी करायला घेतली तर खाली कोरा करकरीत ट्रे. म्हटलं, मुळांना आधार द्यायला घातला असेल. पण आधाराला तडकलेला चालतो की. म्हणून माझा जुना प्लॅस्टिकचा घातला आणि तुमचा धुऊन भांड्यांच्या स्टँडखाली ठेवला. पाणी निथळायला इतका छान बसलाय."

स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात जावयाचं कधी जाणं नसल्याने त्याला हे कळायचं कारण नव्हतं.

"म्हणजे तो ट्रे..." जावई म्हणाला.

"हा काय, चहा त्यातच आणलाय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. आणि ट्रेने मधोमध हात जोडावेत तसे दोन्ही काठ एकत्र आणले. चहा बाईंच्या साडीवर गेला, आणि सहाच्या सहा कप फरशीवर.

बाईंनी साडी झटकली, खाली वाकल्या आणि ट्रेचा तुकडा उचलून बोटांनी चोळला. धागे सुटे झाले, त्यांची काळी माती झाली. तळाला कसलासा इवला कोंबही फुटला होता.

"दोन महिने रोज ओल्यात होता?"

"रोज, दोन्ही वेळा," सासूबाईंनी साक्ष दिली. "परवापर्यंत एकदम ठाम हो. आजच कसा घात केला कोण जाणे."

"मला असाच हवाय," बाई जावयाकडे बोट दाखवत मालकांना म्हणाल्या. "याच कृतीचा. मेण याच मापाचं. यांच्या परवानगीशिवाय काही बदलायचं नाही."

मालकांनी आपल्या पँटकडे बघून मान डोलावली.

रात्री सासूबाईंनी जावयाला वाढताना स्वतःहून विषय काढला. "ट्रे चांगला होता हो तुमचा. दोन महिने राबला आणि जाताना कुंडीला खत देऊन गेला." कपांचे तुकडेही त्यांनी टाकले नव्हतेच. ते लिंबाच्या मुळांशी आधाराला गेले होते.

एकूण हिशेब असा झाला. केबिन मालकांनी दिली, तिला खिडकी होती. ऑर्डर बाईंनी दिली, साडी धुण्याचा खर्च कारखान्याने सोसला. चांगला शब्द सासूबाईंनी दिला. आणि या सगळ्याची किंमत मोजली ती जावयाच्या आईने. तिला अजून त्याचा पत्ता नव्हता. येत्या रविवारी लेकाचं कौतुक करायला ती यायची होती आणि फोनवर बजावलंही होतं, "आता तरी मला त्या निळ्या कपातून चहा द्या."