मोनाचा घास

मंडळी, पोराला जेवू घालायला काय लागतं? अक्कल! असं मी आमच्या हिला, म्हणजे वर्षाराणीला, भर स्वयंपाकघरात ठणकावून सांगितलं आणि तिथंच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

आमचा सम्राट अडीच वर्षांचा. दूध तांब्यानं पितो, पण घास दिसला की तोंडाला कुलूप! संयोगिता डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं.

"लोह कमी आहे. आधी दूध निम्मं करा, त्यानंच पोट भरतंय त्याचं. औषध देते, पण पालक, राजगिरा, नाचणी, खजूर हेही पोटात गेलं पाहिजे. महिन्यानं परत तपासू. नाही वाढलं तर सुया टोचाव्या लागतील."

सुई म्हटल्यावर सम्राट हसला. डोळ्यांत पाणी माझ्या आलं!

घरी आमचे आबा, हंबीरराव, जुने पैलवान, भडकलेच. "दूध निम्मं? कोल्हापुरात? पोरगं काय पुण्याचं हाय व्हय रं?"

वर्षाराणीनं पालकाच्या पुऱ्या केल्या. सम्राटनं त्या मांजराला वाढल्या. नाचणीची पेज केली, ती आबांच्या धोतरावर गेली.

"बापावर गेलाय!" ती म्हणाली. "तुम्ही तरी कधी पालेभाजी खाल्लीय?"

"माझं सोड! मला काय झालंय?" मी छाती फुगवली. "आता बघच, कसा खायला लावतो!"

कोल्हापूरला लागून असलेल्या आमच्या उचगावात, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तानाबाई संध्याकाळी म्हैस घेऊन दारोदार फिरतात. डोळ्यांदेखत धार काढून दूध देतात. म्हशीचं नाव मोना. त्या दिवशी मी बाजारातनं आलो आणि मोनानं माझ्या पिशवीत तोंड घालून मेथीची जुडी ओढली. सम्राट टाळ्या पिटत आला. त्यानंही पिशवीतली एक काडी उपसली आणि चावली की!

मला तिथंच साक्षात्कार झाला. रोज फाटकाशी पंगत! एक घास मोनाला, एक सम्राटला. पालकाची पुरी, राजगिऱ्याची भाजी, नाचणीचा लाडू. पोरगं गपागप खायला लागलं. मी गल्लीत मिशीला पीळ देत फिरू लागलो.

आणि एक दिवस तानाबाई एकट्याच आल्या. कमरेवर हात!

"दादा, काय खाया घातलंसा माझ्या म्हशीला? कडब्याकडं बघंना झाली! पेंड ठिवली तर तोंड फिरवती! तिला लाडू पायजे म्हणं, त्योबी तुपातला! दूध आटाय लागलंय माझं!"

"मावशी, आणा तिला, समजावतो."

"जवर ती कडबा खाईत न्हाई, तवर तुमच्या दारात आणायची न्हाई. सांगून ठिवते!"

मोना नाही म्हटल्यावर सम्राटच्या तोंडाला परत कुलूप लागलं. तपासणी तोंडावर आलेली. माझं तर धाबं दणाणलं.

आबा मिशीत हसले. "सोपं हाय की. पोराला म्हशीनं खाऊन दावलं. आता म्हशीला तू खाऊन दाव!"

बापाचं काळीज आहे हो! गेलो तानाबाईंच्या गोठ्यात. मोनासमोर गुडघे टेकले, कडब्याचं धाट तोंडात धरलं. "मोना, बघ! आहाहा! उसापरास गोड हाय!" कडब्यानं जीभ सोलून निघाली. मोना माझ्याकडं सासऱ्यानं जावयाकडं बघावं तशी बघत होती.

दारात ही गर्दी! पंक्चरवाले लालासाबचाचा म्हणाले, "काय दादा, वहिनी जेवाय वाढंनात व्हय?" मागनं कोण तरी ओरडलं, "पावणं, धार कवा काढायची?" मोबाईल तर सगळ्यांचेच वर!

मी चावत राहिलो. शेवटी मोनाला काय दया आली कुणास ठाऊक, तिनं मान खाली घातली, माझ्या तोंडातलंच धाट ओढून घेतलं आणि चघळायला लागली. शिट्ट्यांनी गोठा दणाणला! आबांनी तर डोक्यावरचा फेटा काढून बांधला. मला नाही, मोनाला!

पंगत परत सुरू झाली आणि सम्राटचं लोह वाढलं! संयोगिता डॉक्टर खूश. मी कॉलर ताठ केली.

"पण तुम्ही एवढे पांढरेफटक का?" डॉक्टर म्हणाल्या.

"लाजेनं! व्हिडिओ आला नाही का तुमच्याकडं?"

"आलाय की. तरीपण दंड पुढं करा."

सुई मलाच! रिपोर्ट आला, तर माझं लोह पोराच्यापेक्षा कमी.

त्या रात्री वर्षाराणीनं माझ्या ताटात पालक वाढला. मी तोंड फिरवलं. शेजारी सम्राटचा घास ओठापाशीच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्यानंही तोंड फिरवलं!

वर्षाराणी उठली. खिडकी उघडून तिनं गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "तानामावशी, उद्यापासनं मोनाला जरा लवकर आणा ओ! एक गिऱ्हाईक वाढलंय!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी फाटकाशी आमची तिघांची पंगत असते. माझी पाळी आली की सम्राट माझी हनुवटी धरतो आणि म्हणतो, "पप्पा, आ कर. मोना बग, कशी शाणी!"