चहा कुणी खाण्यात धरतं का?

साखर तपासायला जायचं होतं, त्या सकाळी बद्रीनाथांनी एक साधा निर्णय घेतला. निघण्याआधी चहा घ्यायचा, आणि रोजच्यापेक्षा मोठा कप घ्यायचा. चहाने हृदय ठणठणीत राहतं, मेंदू तरतरीत होतो, हे त्यांनी फोनवर वाचलं होतं. (फोनवरचं आपल्या सोयीचं ते शास्त्र आणि उरलेल्या अफवा, अशी त्यांची स्वच्छ वाटणी होती.) त्यातून लेकीची, प्रियदर्शनीची, अट होती : साखर वाढलेली निघाली तर चहा कायमचा बंद. मग परीक्षेला जाताना मुलं शेवटची उजळणी करतात, तशी बद्रीनाथांनी चहाची केली. त्यात गूळ घातला. तपासणी साखरेची होती, गुळाची नव्हती.

लॅबमधल्या मुलीने विचारलं, "काका, उपाशीपोटी आलात ना?"

"अगदी! तोंडात घास नाही."

(यात खोटं काहीच नव्हतं. चहा एकादशीला चालतो, मग लॅबला का चालू नये?)

संध्याकाळी रिपोर्ट आला. प्रियदर्शनीने तो वाचून दाखवला, तशी बद्रीनाथांच्या पत्नीने, सत्यशीलाबाईंनी, साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

"बाबा, भलतीच वाढलीये! खरं सांगा, काय खाल्लं होतंत?" प्रियदर्शनीने विचारलं.

"शपथ, काही नाही. चहा तेवढा घेतला."

"चहा?"

"चहा कुणी खाण्यात धरतं का?"

"बाबा, तुम्ही ग्रॅज्युएट आहात हो!" प्रियदर्शनीने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या सकाळी तिने त्यांना स्वतः धरून नेलं. चहाविना बद्रीनाथ कसबा पेठेतून असे चालले होते, की एका ओळखीच्याने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

या वेळी रिपोर्ट नॉर्मल आला.

"बघितलंत? चहा निर्दोष सुटला!" बद्रीनाथ गरजले. "ठेवा आधण!"

"कालचा रिपोर्ट चहाचा, आजचा बिनचहाचा," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "अहो, यातला चांगला कुठला?"

"अगं, ते गुळाने आणि दुधाने झालं! त्यात चहाचा काय दोष?"

"म्हणजे चहात वाईट काही नाही?"

"मुळीच नाही. सगळे गुण त्या चहाच्या पानात असतात."

"मग ठीक आहे," म्हणत त्या उठल्या. प्रियदर्शनी हसू दाबत त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने कप समोर आला. दूध नाही, गूळ नाही, साखर नाही, आलंसुद्धा नाही. नुसते गुण.

बद्रीनाथांनी एक घोट घेतला, आणि आपल्याला जन्मात कधी चहा आवडलाच नव्हता, हे त्यांना या वयात कळलं.