वाघमारे काकांची नाराज गाडी

आमच्या शेजारचे वाघमारे काका रोज दुपारी गाडीखाली झोपतात. "झोपतो कुठं? आडवा होतो," असं त्यांचं म्हणणं. अर्धं अंग जुन्या पांढऱ्या गाडीखाली आणि कडुनिंबाच्या सावलीत फक्त दोन पाय. धाराशिवच्या आमच्या गल्लीत नवा माणूस आला की ते पाय बघून दचकतो. मग पायांच्या पलीकडून आवाज येतो, "कोणंय? पत्ता पायजे का?"

काका सरकारी जीप चालवून निवृत्त झाले. साहेब बदलले, जिपा बदलल्या, काकांचं मत मात्र बदललं नाही. गाडी बिघडते यावर त्यांचा विश्वासच नाही. "बिघडतंय ते माणूस, ताई. गाडी निस्ती नाराज होती. का नाराज झाली ते इचारावं लागतंय."

विचारायची त्यांची रीत ठरलेली आहे. ते खाली आडवे होतात आणि चाकाजवळच्या सांध्यावर बोटं ठेवतात. वर कुणीतरी स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवत राहायचं. सांधा झिजला असेल तर बोटांना टक् असं लागतं. एकट्यानं होणारं हे काम नव्हे. पूर्वी वर काकू बसायच्या. पण नात झाली, तिला सांभाळायला काकू पुण्याला मुलाकडं गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. आता कधीमधी चार दिवस येतात. त्यामुळं सुट्टीच्या दिवशी ही नेमणूक माझ्याकडं आली. मला गाडी चालवता येत नाही आणि काकांच्या मते हीच माझी लायकी. "चालिवता येणारा माणूस लई जोरात फिरिवतो."

गेल्या खेपेला काका काकूंना आणायला गाडी घेऊन येडशीच्या स्टेशनावर गेले होते. धाराशिवला स्टेशन असताना येडशीला का उतरवलं, असं मी विचारलं. म्हणाले, "तिकडला रस्ता चांगला हाय." म्हणजे लांब आहे. रामलिंगच्या झाडीतून, वळणावळणानं, दोघांना बोलत येता येतं. पण त्या दिवशी घाटात स्टेअरिंग थरथरायला लागलं, चाकाजवळ टकटक सुरू झाली. समोर ठेवलेली छोटी बुद्धमूर्ती हलायला लागली, तशी काकूंनी ती उचलून पदरात घेतली, गाडी थांबवायला लावली आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. चढताना म्हणाल्या, "ही सरळ चालंस्तोर म्या हिच्यात पाय ठिवणार न्हाय!" काका बिचारे एसटीच्या मागं मागं रिकामी गाडी चालवत घरी आले.

आता काकू पुन्हा यायच्या होत्या, आणि काकांना एकच ध्यास लागला होता. या खेपेला काकू वाटेत गाडीतून उतरता कामा नयेत.

मी स्टेअरिंगवर बसले. खालून हुकूम आला, "बोला."

"काय बोलू?"

"काय बी. मुक्यानं फिरवलं की हात आकडतोय. बोलत फिरवलं की हात सैल ऱ्हातो, आन सैल हातालाच नाराजी कळती."

मग मी बोलायला लागले. कचेरीतल्या साहेबांची नक्कल झाली, वांग्याच्या भाजीत कारळ्याचं कूट किती घालावं ते झालं. खालून नुसतं "हं" यायचं. टपावर लिंबोळ्या पडत. चाक हालायचं, गाडी तिथंच, आणि ऊन पानांतून माझ्या मांडीवर सरकत राहायचं. अशा वेळी मला गुंगी येई. समोरची भिंत नाहीशी होई आणि मी वाशीला, घाटापलीकडच्या माझ्या माहेरी निघालेली असे. रस्त्याकडेच्या चिंचा मागं जात, हवा गार होई, ओट्यावर आई तांदूळ निवडत बसलेली दिसे. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या थांबलेल्या गाडीतून ती सहज भेटायची.

"आवं ताई, किती फिरिवता! कुठं चालला?"

"वाशीला," माझ्या तोंडून निघून गेलं.

 खालून काका म्हणाले, "जावा की. पर घाटात हळू घ्या."

डावीकडचा सांधा झिजलाय असा निकाल लागला. काकांनी हातोडीनं ठोकठोक करून तो काढला, नवा बसवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेऊन आणली. टकटक तशीच! काकांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी त्या दिशी मधीच गप बसला व्हता." खरा दोषी उजवीकडचा निघाला. त्याची रबरी टोपी फाटून आतलं ग्रीस वाळून गेलं होतं. तोही बदलला. तर आता गाडी सरळ आणि स्टेअरिंग तिरपं. मग काकांनी काकूंची कपडे वाळत घालायची दोरी सोडून चाकांना लावली आणि एक डोळा मिटून दिवसभर पुढच्या चाकांची तोंडं जुळवत बसले. वाळत घालायला नेलेल्या माझ्या चादरी त्या दिवशी त्यांच्या अंगणातून ओल्याच परत आल्या.

शेवटी मला शेजारी बसवून गाडी हमरस्त्यावर नेली. बुद्धमूर्ती जागची हलली नाही. टकटक साफ गेली होती, मी कान देऊन ऐकलं. काकांनी गाडी कडेला घेतली. चष्मा काढून पुसला.

रविवारी गाडी येडशीहून आली आणि डाव्या दारातून काकू उतरल्या. मला म्हणाल्या, "घाटात म्या डोळे गच्च मिटले व्हते बग. उघडले तर कडुनिंब!" काका डिकीतून पिशव्या काढत होते. त्यांची पाठसुद्धा खूश दिसत होती.

काकूंना परत न्यायला मुलगा यायचा होता, त्याच्या आदल्या दुपारी मी गच्चीवर होते. खाली बघितलं तर गाडीखालून पुन्हा दोन पाय बाहेर!  एवढं करून पुन्हा बिघडली?

"अगं, जरा बस की वर," पाय म्हणाले. "नाराज वाटती."

काकू हात पुसत आल्या, बसल्या, स्टेअरिंग हलवलं. "कुठं काय? लोण्यावानी फिरतंय."

"हाय, बारीक हाय. हलीव तू. आन बोल."

काकू बोलायला लागल्या. नात आता बोबडं बोलत नाही. तिकडं सगळ्यांची दारं बंद. पोरं कामावर गेली की दिवसभर बोलायला कुणी नाही, मग त्या कुकरशी बोलतात. खालून "हं" आलं.

पायरीवर काकांचे पाने, हातोडी, ग्रीसचा डबा, सगळं पुसून ओळीनं ठेवलेलं होतं. गाडीखाली जाताना त्यांनी काहीच नेलं नव्हतं. मला हसू आलं. हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

गाडीला काही झालेलं नाही हे मला ठाऊक होतं. काकूंनाही असणार. कारण त्या स्टेअरिंग फिरवायचं केव्हाच विसरल्या होत्या. हात नुसते त्यावर ठेवून बोलत होत्या, आणि खालून कुणीही "हलीव" म्हणत नव्हतं.