शेवटून पहिले आप्पा

हरण्याची प्रॅक्टिस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सांडभोर आप्पा. बाकीची दुनिया जिंकण्यासाठी घाम गाळते. आप्पा बुधवारी संध्याकाळी मैदानावर एकटे येत आणि चेंडू बाभळीत नेमका कसा घालावा, म्हणजे बघणाऱ्याला तो चुकून गेलासा वाटेल, याचा तासभर सराव करत.

मैदान म्हणजे आमचा गोल्फ क्लब. गोल्फ क्लब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी हिरवळ आली असेल ती आधी पुसून टाका. चाकणच्या पुढे, एका कारखान्याची मागची भिंत आणि एक ओढा यांच्या मधे नऊ होल बसवलेत. हिरवळ पावसाळ्यात असते, उरलेलं वर्ष कुसळं. होलच्या भोवती गवताऐवजी तेल घालून दाबलेली वाळू. म्हशींना आमच्याकडे खेळातला अडथळा मानत नाहीत, मैदानाचा भाग मानतात.

आम्ही बावीस मेंबर. कुणाचं मशीन शॉप, कुणी परचेसमध्ये, एक दाताचे डॉक्टर, देहूरोडचे एक निवृत्त कर्नल, आणि कंपन्यांना पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा मी. दर शनिवारी सकाळी साडेसहाला स्पर्धा. कच्च्या खेळाडूला सवलतीबिवलतीची भानगड नाही. फटके मोजायचे, ज्याचे कमी तो पहिला, त्याला स्टीलचा मग. ज्याचे सगळ्यांत जास्त, त्याच्या गळ्यात यादी.

यादी म्हणजे शिक्षा. पुढच्या शनिवारी कोण येणार हे एकवीस जणांना फोन करून विचारायचं, चौघाचौघांचे गट पाडायचे, आणि अमका असेल तर मी येणार नाही म्हणणाऱ्यांची समजूत काढायची. यादीला सगळे टरकून असत. कर्नलसाहेबांकडे एकदा ती आली, तेव्हा सात फोनांनंतर ते म्हणाले, "यापेक्षा बॉर्डर बरी होती."

गेली दोन वर्षं मात्र यादी आप्पांनी कुणाला मिळू दिली नव्हती. शनिवारमागून शनिवार ते शेवटचे येत. आम्ही म्हणायचो, बिचारे आप्पा, वय झालं, नजर गेली. आणि मनातून खूश असायचो.

आता आप्पा गोल्फमध्ये आले कसे? चिंचवडच्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. मोठ्या साहेबांच्या खेळाच्या वेळा फोनवरून तेच ठरवायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना घड्याळ देण्याऐवजी आपल्या जुन्या काठ्या आणि क्लबची मेंबरशिप दिली. त्या कंपनीतले पावणेचारशे एक्स्टेन्शन नंबर आप्पांना अजून तोंडपाठ आहेत. माणसं त्यांना नावापेक्षा नंबरानंच आठवतात. "आवो, ते आपले दोनशे चौदा, परचेसचे, त्येंच्या पोरीचं लगीन जमलं म्हनं."

ही त्यांची समोरासमोरची भाषा, अस्सल खेडची. पण फोन हातात आला की अंगात दुसरंच कुणीतरी संचारे. गुरुवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजायचा.

"नमस्कार. सांडभोर बोलतोय. आपल्याला आत्ता बोलणं सोयीचं आहे का?"

सोयीचं नाही म्हणायची सोय नव्हती. "हरकत नाही, मी लाइनवर थांबतो," असं म्हणून ते खरंच थांबत. एकदा मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येईपर्यंत आप्पा आणि आमची सौ. यांनी तिच्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करायचं ते ठरवून टाकलं होतं. शनिवारी येणार का, या प्रश्नाला लागायचं अर्धं मिनिट. उरलेली वीस मिनिटं मुलीची परीक्षा, माझ्या कंप्रेसरचा आवाज, शेजाऱ्यांशी चाललेलं पार्किंगचं भांडण. मला ही वीस मिनिटं कटकटीची वाटत. मी स्पीकर लावून वर्तमानपत्र वाचायचो आणि मधूनमधून हं हं म्हणायचो.

एका बुधवारी मी मैदानावर विसरलेला चष्मा शोधायला गेलो आणि चाट पडलो. आप्पा एकटे उभे. हात मोकळा करायला त्यांनी तीन चेंडू मारले. सरळ, सणसणीत, आम्हा एकवीस जणांना लाज वाटावी असे. मग जरासे वळून उभे राहिले आणि चौथा अलगद बाभळीत घातला. मान हलवली. पाचवा घातला, तो पटला.

"आप्पा! तुम्ही मुद्दाम हरता?"

"बोंबलू नका राव! म्हशी बुजत्यात."

"पण का?"

आप्पा काठी टेकून उभे राहिले. "जिंकून काय मिळतंय? स्टीलचा मग. आठ मग हायती घरात, आधीचे. च्या प्यायला मी येकटा. मागं येकदा ताप अंगावर काढून खेळलो नि शेवटचा आलो. यादी आली. गुरवारी अकरा मानसं, शुक्रवारी धा. आवो, दोन दिवस घर कसं बोलतं झालं! बाकी पाच दिवस टीव्ही बोलतो, पर त्याला उलटं काय सांगता येत न्हाई."

आप्पांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा परदेशात असता तर निदान चारचौघांत हळहळता तरी आलं असतं. मुलगा मारुंजीला, आप्पांच्या रावेतच्या फ्लॅटपासून अर्ध्या तासावर. पण तो रात्रभर अमेरिकेचं काम करतो आणि दिवसभर झोपतो. रोज सकाळी त्याच्याकडून मोबाइलवर सुप्रभातचं एक फूल येतं. "पोरगं चांगलं हाय," आप्पा म्हणाले, "पर फुलाला काय इचारू?"

कुणाला सांगणार नाही, असा मी शब्द दिला.

आणि तेवढ्यात क्लबात तुषार आला. रावेतचाच, पस्तिशीचा, खडी-वाळूचा धंदा, काठ्यांचा नवाकोरा परदेशी संच. मनानं उमदा. खेळ मात्र असा, की काठी चेंडू सोडून बाकी सगळ्याला लागायची. जमिनीला, कुसळांना, एकदा कर्नलसाहेबांच्या बुटाला. पहिल्याच शनिवारी चहा घेताना त्यानं जाहीर केलं, "यादी माझ्याकडं आली ना, तर एकदाच ग्रुपवर पोल टाकणार. बोट दाबा, विषय संपला. या जमान्यात फोन कशाला करत बसायचं, भावा?"

टाळ्या पडल्या. एकदा पोल सुरू झाला की पुन्हा कुणी फोन करणार नाही, हे उघड होतं. आप्पांनी हातातला चहा प्यायलाच नाही.

तिथून पुढे आमच्या मैदानावर जी लढत झाली ती कुठल्याही टीव्हीवर दिसायची नाही. एक कसबी हरणारा आणि एक जन्मजात हरणारा. तुषारला वाईट खेळायला काही करावं लागत नव्हतं. आप्पांना मात्र दर वेळी त्याच्याहून वाईट खेळायचं, आणि वर कर्नलना संशय येऊ द्यायचा नाही. तीन शनिवार त्यांनी एकेक, दोन-दोन फटक्यांनी कसाबसा शेवटचा नंबर राखला. मग त्यांनी आणखी एक डाव टाकला. ते तुषारला शिकवू लागले.

"तुषारराव, खांदा खाली घ्या. घाई कशापाय करताय? चेंडू काय पळून जात न्हाई."

तुषार गहिवरला. "आप्पा, तुम्ही देवमाणूस आहात. स्वतःचा खेळ सोडून मला शिकवताय!" मला खोकल्याची ढास लागली.

चौथ्या शनिवारी आम्ही चौघं एका गटात होतो. आप्पा, तुषार, कर्नलसाहेब आणि मी. आठ होल झाले तेव्हा आप्पा आणि तुषार यांचे फटके बरोबरीत, आणि दोघेही बाकी सगळ्यांच्या कितीतरी मागे. नववा होल लहान, एका फटक्यात पोचण्याजोगा. डावीकडे कारखान्याची भिंत, उजवीकडे ओढा. आधी तुषार. त्यानं दोन चेंडू ओढ्याला वाहिले, तिसरा कसाबसा वाळूवर आणला, आणि दंडाचे फटके धरून एकूण सात झाले.

म्हणजे आप्पांना आठ हवे होते. सोपं काम. एक-दोन चेंडू भिंतीपलीकडे घालवले की दंड लागणार, फटके वाढणार. त्यांनी सात नंबरची काठी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कर्नल म्हणाले, "सांडभोर, जरा उजवीकडे."

"आसूं द्या," आप्पा म्हणाले आणि मारला.

चेंडू भिंतीवरून जायला चार बोटं कमी पडला. भिंतीच्या कडेला आपटून उलटा फिरला, वॉचमनच्या शेडच्या पत्र्यावर टण्णकन वाजला, तिथून उडून वाळूवर पडला आणि घरंगळत, घरंगळत, अगदी सावकाश, होलमध्ये गेला.

एका फटक्यात. क्लबाच्या इतिहासात असं कधीच घडलं नव्हतं.

कर्नलसाहेब ओरडले. तुषारनं आप्पांना खांद्यावर उचललं. वरून आप्पा हातपाय झाडत होते, "उतरवा! आवो उतरवा! ह्यो धरू नका! भिंतीला लागलाय, पत्र्याला लागलाय, बाद हाय!" स्वतःच्या पराक्रमाविरुद्ध अपील करणारा खेळाडू मी त्या दिवशी पाहिला. कर्नल म्हणाले, "नियम आहे, सांडभोर. चेंडू हद्दीत परत आला. मान्य."

आठ होलांत आप्पांनी इतका घाण खेळ केला होता की पहिले ते येणार नव्हतेच. पण ते शेवटून दुसरे आले. या अद्भुत फटक्याबद्दल त्यांना खास मग देण्यात आला. त्या वेळचा फोटो ग्रुपवर आहे. बाकी सगळे दात काढून हसताहेत, आणि मधोमध आप्पा शोकसभेला आल्यासारखे उभे. मी बोलायला हवं होतं का? शब्द दिला होता, हे मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे, यादीच्या फोनमधून सुटलो, याचं मलाही थोडं बरं वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी तुषारचा पोल आला. मी बोट दाबलं. विषय संपला.

संध्याकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. सव्वासात झाले, साडेसात झाले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज आप्पांचा फोन नाही आला? मावशी चालायला लागली, ते सांगायचं होतं त्यांना."

"आता येणार नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

ती हात पुसत बाहेर आली. "मग तुम्ही करा की."

मी फोन उचलला. त्यांचा नंबर मी 'सांडभोर यादी' म्हणून ठेवला होता. दोन वर्षांत मी तो एकदाही लावला नव्हता. लावून बोलायचं काय? माझ्या मुलीला गणितात किती मार्क पडले ते या माणसाला ठाऊक होतं. माझा कंप्रेसर कुठल्या बाजूनं वाजतो, हेही ठाऊक होतं. आणि मला त्यांना विचारायला एक प्रश्न सुचेना. स्वतःची फार लाज वाटली.

तरी लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"आप्पा, मी बोलतोय. शनिवारी येताय ना?"

"पोलवर दाबलंय की मी," आप्पा म्हणाले. "काय काम होतं का?"

"काम नाही. सहज."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मला तेवढाच आधार मिळाला. "काय शिजतंय आज?"

 

"थांबा हां," आप्पा म्हणाले. "ठिवू नका. गॅस बंद करून येतो."

पावलं लांब गेली, परत आली. आणि मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.