बारावा दोरा

"मी, प्रिमितिवो दिमागिबा, म्हणजे या पंचक्रोशीचा तिसरा डोळा! माझ्या नकळत सान फेर्मिनमध्ये पानसुद्धा हलत नाही!"

हे वाक्य प्रिमितिवोकाका, गावच्या बोलीत मँग प्रिमितिवो, दिवसातून तीनदा म्हणत, जेवणानंतरच्या गोळीसारखं. आडनावातच दिमाग असल्यामुळे तो डोक्यात बाळगायची गरज त्यांना कधी भासली नाही, असं त्यांच्या मेव्हण्याचं, म्हणजे दोमेंगचं मत होतं. दोमेंग तीनचाकी चालवायचा. त्या तीनचाकीला मँग प्रिमितिवो 'तपास पथक' म्हणत आणि पथकात पेट्रोल मात्र दोमेंगच भरायचा. त्यांची सर्वांत गाजलेली केस म्हणजे गावच्या कप्तानाचा, म्हणजे सरपंचाचा, झुंजीचा कोंबडा. तो त्यांनी एका दिवसात शोधून काढला. रश्श्यात. दोन वाट्या पिऊन झाल्यावर.

त्या दुपारी आलिंग सेलिंगने, म्हणजे सेलिंगमावशीने, निरोप धाडला, "सुमान गेले. ताबडतोब या."

आलिंग सेलिंगच्या हाताला गावात तोड नव्हती. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा, केळीच्याच सोपटाच्या दोऱ्याने बांधायचा आणि उकडायचा. झाला सुमान. सगळेच करतात, पण सेलिंगचा सुमान खाऊन पाद्रीबाबा एकदा प्रवचन विसरले होते. आज तिची मुलगी अमिहान हिने लग्नासाठी पसंत केलेला फिनलंडचा युहो पहिल्यांदाच घरी आला होता, आणि पहिल्यांदाच हे सगळं चाखत होता.

"ताटभर वाढलं मी," आलिंग सेलिंग दारातच सांगू लागली. "थरथरणारी कुचिंता खाल्ली, तीळ लावलेले पालिताव खाल्ले, जांभळा कालामाय खाल्ला. दर घासाला 'मासाराप, मासाराप' म्हणत होता."

"चविष्ट म्हणायला शिकलाय तो," अमिहान डोळे पुसत म्हणाली. "तेवढा एकच शब्द येतो त्याला."

"मग मी सुमानचं ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि आम्ही दोघी चुलीपाशी गेलो. बारा होते, मोजून बारा! परत येते तर ताट चाटूनपुसून साफ. एक पान नाही, एक साल नाही. आणि हा बाबा पोट धरून वर जाऊन झोपला! अहो, खाल्ले असते तर पानं नको का उरायला? फेकले असणार मेल्याने, कुंपणापलीकडे!"

"आई, तो असं करणार नाही."

"गप्प बस. ज्याला माझे सुमान टाकवतात, त्याला उद्या माझी पोरही टाकवेल. फेकल्याचं निघालं तर लग्न मोडलं म्हणून समज."

अमिहानने दोमेंगकडे पाहिलं. तिला लहानपणी शाळेत सोडणारा तोच होता.

"वर जाऊन त्यालाच विचारूया का, दाजी?" तो म्हणाला.

"विचारणं ही आळशी माणसाची पद्धत, दोमेंग!" मँग प्रिमितिवो खुर्चीखाली रांगत म्हणाले. आणि तिथे, पायापाशी, त्यांना एक दोरा सापडला. सोपटाचा, चावल्यासारखा चुरगळलेला. त्या सुतावरून त्यांनी जो स्वर्ग गाठला, तो थेट तळ्याच्या काठी होता.

"वास घे! मासळी! चोर कोळी आहे आणि होडीतून पळालाय."

"तो वास तुमच्या बोटांचा आहे, दाजी. सकाळी सुके मासे खाल्लेत."

मँग प्रिमितिवोंनी बोटं हुंगली आणि कोळ्यांना निर्दोष सोडलं. मग पथक बाजारात गेलं. तिथे सुमान विकणारी दुसरी बाई होती; तिनेच सेलिंगची रीत चोरण्यासाठी पानांसकट डल्ला मारला असणार, हा दुसरा तर्क. तपासाच्या निमित्ताने मँग प्रिमितिवोंनी तिचे चार सुमान खाल्ले आणि समोर पडलेल्या चार पानांकडे टक लावून पाहत बसले.

"दोमेंग, सुमान खाणारा माणूस पान मागे ठेवतो."

"हो, दाजी. जन्मापासून."

"इथे पान मागे नाही. म्हणजे खाणारा माणूस नाही!"

परत आल्यावर ते परसातल्या वारुळापुढे हात जोडून उभे राहिले. वारुळात राहणारा म्हातारा बुटका रागावला की काहीही गडप करतो, हे गावात कोणाला ठाऊक नाही? "बाजूने जातोय हं, आजोबा. बारा सुमान असतील तर द्या परत," असं त्यांनी अदबीने विनवलं. आजोबांनी उत्तरादाखल लाल मुंग्या पाठवल्या. मँग प्रिमितिवो एका पायावर नाचत गोठ्यापाशी पोहोचले आणि थबकले.

गोठ्यात शेळी होती. शेळी पान चघळत होती.

"झडती घ्या हिची! पान खाणारा कोण? माणूस? नाही! शेळी!"

"ती सकाळपासून बांधलेली आहे," आलिंग सेलिंग ओरडली. "आणि पायऱ्या चढून टेबलाशी बसायला ती काय पाहुणी आहे?"

"सराईत आहे. चेहऱ्यावर काही दिसतंय का बघा." शेळीने तेवढ्यात त्यांच्या खिशातलं ओळखपत्र काढून खाल्लं. "पुरावा नष्ट करतेय! दोमेंग, हिला पथकात बसव!"

दोमेंग शेळीला तीनचाकीत ढकलत होता, शेळी दोमेंगला बाहेर ढकलत होती आणि अमिहान पायरीवर बसून हुंदके देत होती. तो आवाज ऐकून युहो भिंत धरत खाली आला. रंगाने मुळातच पांढरा, आता थोडा हिरवा.

दोमेंगने शेळी सोडली. पुरे झालं, असं त्याला वाटलं.

"बाबा रे," त्याने खुणा करत विचारलं, "सुमान कुठे गेले?"

युहोने दहा बोटं दाखवली, मग दोन, आणि पोटावर हात ठेवला. "मासाराप."

"आणि पानं?"

हात तिथेच राहिला. मग तो अमिहानशी इंग्रजीत पुटपुटला. ऐकता ऐकता तिचा हुंदका मध्येच अडकला.

"तो म्हणतो, त्यांच्याकडे कोबीच्या पानात भात गुंडाळतात, तो पानासकट खातात. आणि मीच त्याला बजावलं होतं, की आई जे वाढेल त्यातलं काही उरवू नकोस, तिला वाईट वाटतं." ती थांबली. "दोरे जरा अवघड गेले म्हणतो."

"दोरेसुद्धा?" दोमेंग किंचाळला.

युहोने मान खाली घातली आणि आलिंग सेलिंगपुढे येऊन अपराध्यासारखं काहीतरी बोलला.

"माफी मागतोय," अमिहान म्हणाली. "अकरा गिळले. बारावा जाईना, म्हणून खुर्चीखाली लपवला."

आलिंग सेलिंग आत गेली, चुलीवरच्या दुसऱ्या पातेल्यातला एक सुमान घेऊन आली, युहोला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने पान सोललं. साखरेत बुडवून घास त्याच्या तोंडाशी धरला. युहोने चावला. थांबला. पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे डोळे भरून आले. मासाराप म्हणायलाही तो विसरला.

"म्हटलंच होतं मी," मँग प्रिमितिवो खाकरले. "पान खाणाराच गुन्हेगार! दोमेंग, हा दोरा काचेत बसवून दिवाणखान्यात लावू."

"आणा तो इकडे," आलिंग सेलिंगने हात पुढे केला.

"अहो, तो या केसचा पुरावा आहे!"

"माझ्या जावयाचं उष्टं आहे ते," आलिंग सेलिंग म्हणाली आणि दोरा हिसकावून घेतला.