हिल्डाबाईंना बसायला वेळ नाही

हिल्डाबाईंना बसलेलं नंदुरबारात कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. अक्कलकुव्याहून बाळंतपणाचं बोलावणं आलं की दवाखान्याची बैलगाडी निघे, पण बाई गाडीच्या पुढं चालत आणि गाडीवान रिकामी गाडी घेऊन ओशाळून मागं येई. "चाल, भाऊ, चाल! दिन मावळी ऱ्हायना!" हे सकाळी सात वाजता.

बाई स्वीडनच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून तरुणपणी आल्या आणि राहिल्या. आमची पुस्तकी मराठी त्यांना कधी जमली नाही. अहिराणी मात्र अशी फर्डी, की पुण्याकडचा मी शाळामास्तर त्यांच्यापुढं परदेशी वाटायचो. अहिराणीत सगळ्यांना 'तू'. त्यामुळं मामलेदारही 'तू' आणि त्याचा घोडाही 'तू'.

सदतीस सालच्या निवडणुकीत शेतसारा भरणाऱ्यांच्या बायकांचीही नावं यादीत आली आणि बाईंच्या पायांना भिंगरी लागली. घरोघर जाऊन त्यांनी बायकांकडून तालीम करून घेतली: उभं कुठं राहायचं, कागद कसा घडी करायचा, कुठल्या उमेदवाराच्या पेटीत टाकला ते कुणाला सांगायचं नाही. माणसं हसायची. ह्या परक्या बाईला आमच्या मतांचं काय पडलंय?

मतदान आमच्या शाळेत होतं. मी पेट्यांशेजारी कारकुनीला. बाई मतदार नाहीत म्हणून शिपायानं त्यांना आत सोडलं नाही. त्या व्हरांड्यात या खिडकीतून त्या खिडकीत डोकावत होत्या.

पहिली आली गोदामाय, दगडू पाटलांची बायको. धुळ्याहून आलेल्या साहेबांनी यादी पाहिली. "गोदाबाई दोन आहेत. नवऱ्याचं नाव?"

गोदामायनं पदर ओढला. "त्यासनं नाव कसं लेऊ? भाहेर उभा शेतस, त्यासलेच इचार."

"नाव सांगा, नाहीतर घरी जा."

मागं बायकांची रांग. एक परतली असती तर सगळ्या परतल्या असत्या. खिडकीत बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं शिकवलं, हेच राहिलं! त्यांच्या देशात बायका नवऱ्याला नावानं हाका मारतात; हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या पाटलांचं नाव सांगायला गेल्या, तर साहेब ओरडले, "तुम्ही मतदार नाही, मधे बोलू नका!"

बाईंनी एक चक्कर मारली आणि खिडकीचे गज धरून ओरडल्या, "गोदामाय, उखाणामा ले!"

गोदामायनं मान वर केली. घसा खाकरला.

"तापी काठे वावर, वावरमा जवारी; दगडू पाटीलनं नाव लेस, आते साहेबनी बारी!"

रांग खदखदली. बाहेर दगडू पाटलांनी उगाच पागोटं नीट केलं. साहेबांनी यादीत खूण करून कागद दिला. मग काय, न विचारताच प्रत्येकीनं उखाणा घेतला. "नुसतं नाव पुरे हो," म्हणून साहेब हात जोडत राहिले.

संध्याकाळी पेट्यांना लाख लागली. शाळेच्या ओट्यावर गोदामाय गाडीची वाट पाहत होती. बाई तिच्याजवळ आल्या आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"माय, कागद पेटीमा पडना, तवय आवाज वना का?"

गोदामाय हसली. "तुले ठाऊक नई? तू तर तुन्हा देशमा कितला कागद टाका व्हतीन!"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्या निघाल्या तेव्हा तिकडं बायकांना मत नव्हतं. मिळालं, तेव्हा त्या इथं होत्या. आणि इथं त्या परक्या. मला एकदम फार वाईट वाटलं. दिवसभर आम्ही त्यांना दारातून हाकलत होतो.

गोदामायनं त्यांना हात धरून खाली ओढलं. "वना ना, बाई. बारीकसा वना. तुले खिडकीमा ऐकू नई वना का?"

मी दिवसभर पेट्यांना खेटून होतो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

"वना, माय," बाई म्हणाल्या. दिवस खरोखरच मावळत होता, आणि हिल्डाबाई ओट्यावर बसल्या होत्या.